ग्रामसभेत उभं राहायचं, तर...

बचत गटाच्या बैठकीत आपण तासभर बोलतो. कर्ज कुणाला द्यायचं, हप्ता कुणाचा थकला, व्याज किती झालं, सगळं तोंडपाठ असतं. पण ग्रामसभेची दवंडी झाली की त्याच आपण मागच्या भिंतीला टेकून गप्प बसतो. म्हणून आज भाषणाबद्दल बोलू या. हारतुऱ्यांचं भाषण नव्हे; चारचौघांत उभं राहून आपलं काम मांडायचं, ते बोलणं.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक बाई तिची सदस्य असते. आमंत्रण यायला ते काही लग्न नाही! नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशीही कायद्यात तरतूद आहे. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरती उरली आहे. आम्हाला विचाराल तर बोलायला शिकायची खरी शाळा तीच. पंचायतीत निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव झाल्या, तरी कित्येक ठिकाणी सरपंच बाई आणि बोलतो नवरा, असं चालतंच ना?

आता मुख्य गोष्ट. ‘पाण्याचे लई हाल आहेत, कुणी लक्ष देत नाही,’ असं एखादी म्हणाली की समोरचे मान हलवतात, ‘बघू’ म्हणतात आणि विषय संपतो. तीच बाई असं म्हणाली तर? ‘खालच्या आळीत बावीस घरं आहेत. आमच्या नळाला तीन दिवसांआड पाणी येतं, तेही पहाटे अर्धा तास. वरच्या आळीत रोज येतं. व्हॉल्व्ह सोडायचं वेळापत्रक ठरवून पंचायतीच्या फळ्यावर लावावं, असा ठराव आज घ्यावा.’ यात रडगाणं नाही. घरं मोजलेली आहेत, दोन आळ्यांतला फरक दाखवला आहे आणि नेमकं काय हवं ते सांगितलं आहे. इथे ‘बघू’ म्हणायला जागा फार थोडी उरते.

पण त्यासाठी आठवडाभर पाण्याच्या वेळा वहीत लिहाव्या लागतात, घरोघर विचारावं लागतं. भाषण चांगलं होतं ते इथे, माईकपुढे नाही. आणि एका वेळी एकच विषय घ्यावा. पाणी, रस्ता, दिवे, दारू सगळं एका दमात सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष दिली. शिक्षणाची चौकशी करायला सरकारने नेमलेला तो आयोग. तिथे त्यांनी ठोस मागण्या ठेवल्या. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका तयार करा, आणि बायकांना वैद्यकीय शिक्षण द्या, कारण बायकांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात. काय करायचं ते ऐकणाऱ्याला लगेच कळावं, असं ते मागणं होतं.

मध्येच कुणी ‘खाली बसा’ म्हणेल. ‘नवऱ्याला विचारून आलीस का?’ असंही ऐकावं लागेल. त्याला उत्तर देऊ नका. अध्यक्षांकडे बघा आणि तुटलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणा. भांडणात उतरलात तर पाणी बाजूला राहतं आणि गावभर चर्चा भांडणाची होते. आधीच कामं वाटून घ्या. एकीने मागणी मांडायची, दुसरीने वहीतले आकडे वाचायचे, तिसरीने ठराव लिहून घ्यायला सांगायचं. एकटीला गप्प करणं सोपं असतं. विधवा बाई किंवा दलित वस्तीतली बाई उठली तर तिला दुप्पट बोल लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या दोन्ही बाजूंना गटातल्या बायकांनी बसावं.

आवाजाची काळजी नको. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारणाऱ्या आपण. माईकवर टकटक करू नका, तो तोंडापासून चार बोटं लांब धरा. हात थरथरत असेल तर सुटा कागद नको, वही धरा; कागद फडफडतो आणि भीती सगळ्यांना दिसते. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर रोज एकीने उभं राहून दोन मिनिटं बोलावं. बाकीच्यांनी शेवटी एवढंच सांगावं, हिने नेमकं काय मागितलं. सांगता आलं नाही तर तिने पुन्हा बोलावं.

आणि बोलून झालं की लगेच घरी निघू नका. स्वयंपाक थोडा उशिरा झाला तरी चालेल. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा, आमचा विषय इतिवृत्तात लिहिला का? लिहिला असेल तर सर्वांसमोर वाचून दाखवायला सांगा. ठरावाचा क्रमांक आणि तारीख गटाच्या वहीत उतरवून घ्या. पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच क्रमांक घेऊन विचारायचा आहे.