हेडचा स्टड उतरवताना

शहापूर-मुरबाडच्या भातपट्ट्यात पाणी उपसणाऱ्या डिझेल इंजिनाचे हेड ज्या स्टडांवर, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बिनडोक्याच्या पोलादी दांड्यांवर, आवळलेले असते, ते पावसाळी दमट हवेत गंजून बिडाच्या ब्लॉकमध्ये घट्ट धरून बसतात. त्यांच्या मधल्या भागाला पाइप पाना लावणे घातकच, कारण तिथला ओरखडा पुढे भेगेचे मूळ ठरतो. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, मग मोकळ्या आट्यांवर दोन नट चढवून ते एकमेकांवर कसावेत आणि खालचा नट उलटा फिरवावा. वरच्या नटाने अडवल्यामुळे तो एकटा सुटत नाही, तर स्टडलाच घेऊन फिरतो. बसवताना पाना वरच्या नटाला लावतात. मात्र बंद छिद्रात तेल साचलेले असेल, तर ते दबत नसल्याने उतरणारा स्टड बीडच तडकवू शकतो, म्हणून छिद्र आधी कोरडे पुसावे.