लोखंडी अवशेषांच्या जमिनीतील नाणेशोध

लोखंडी अवशेषांच्या जमिनीतील नाणेशोध म्हणजे खिळे, नाल, तारा, पत्र्याचे तुकडे, गंजलेली अवजारे अशा वस्तू दाट विखुरलेल्या जमिनीत धातुशोधक यंत्राने नाण्यांचा ठाव घेणे होय. जुनी गावठाणे, बाजाराच्या जागा, घाटवाटांवरील मुक्कामाची ठिकाणे आणि किल्ल्यांच्या पायथ्याच्या वस्त्या येथे नाणी मिळण्याचा संभव अधिक असतो. परंतु माणसांची वर्दळ जेथे होती तेथेच लोखंडही पडलेले असते. त्यामुळे लोखंड हा या शोधातील अडथळा आहे, तशीच ती वस्तीची खूणही आहे. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कशेळे व त्याचा परिसर अशा जमिनीचे उदाहरण म्हणून घेता येतो. भारतात जमिनीतून मिळालेल्या जुन्या नाण्यांवर सापडणाऱ्याचा आपोआप हक्क नसतो.

तत्त्व

धातुशोधकाच्या प्रेषक कॉइलमधून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यामुळे जमिनीतील धातूत आवर्त प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र ग्राहक कॉइल टिपते. दोन्ही संकेतांमधील कलांतरावरून धातूचा अंदाज बांधला जातो. तांबे आणि चांदी हे उत्तम वाहक पण अचुंबकीय धातू आहेत. लोखंड वाहक असून शिवाय चुंबकीय असल्याने त्याचा संकेत वेगळा येतो. नको असलेल्या धातूंचे संकेत मुके करण्याच्या सोयीस डिस्क्रिमिनेशन म्हणतात.

ही ओळख धातूइतकीच वस्तूच्या आकारावरही अवलंबून असते. लहान खिळा बहुधा लोखंड म्हणून ओळखला जातो. मोठा सपाट पत्रा, वॉशर किंवा कडी यांच्यात मात्र आवर्त प्रवाह इतके बळकट होतात की यंत्र त्यांना तांब्या-चांदीच्या वर्गात टाकते.

लोखंडामुळे शोध फसल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण या यंत्राच्या बाल्यावस्थेतील आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत उपकरण बनविले. ते गोळीचा ठाव लावू शकले नाही. रुग्णाच्या गादीतील पोलादी तारा हे त्याचे एक कारण मानले जाते.

झाकोळ

नाण्याशेजारी खिळा असेल तर दोघांचे संकेत एकमेकांत मिसळतात, आणि लोखंडाचा संकेत प्रबळ ठरल्यास नाणे झाकले जाते. डिस्क्रिमिनेशन कडक ठेवल्यास स्थिती अधिकच बिघडते, कारण लोखंडाचा संकेत दाबल्यावर यंत्राला पूर्ववत होण्यास काही क्षण लागतात आणि तेवढ्यात कॉइल नाण्यावरून निघून जाते. म्हणूनच जेथे यंत्र पूर्ण शांत राहते ती जागा रिकामी असेलच असे नाही. खिळ्यांनी भरलेली जागा ‘संपली’ असे समजून सोडून देणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक होय.

यावरील उपाय साधे आहेत. रुंद कॉइलऐवजी सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाची लहान कॉइल वापरल्यास तिच्याखाली एका वेळी कमी वस्तू येतात. खोली थोडी कमी होते, पण शेजारच्या वस्तू वेगळ्या ऐकू येतात. संकेतांमधून लवकर सावरणारे यंत्र निवडावे लागते. लोखंड मुके करण्यापेक्षा त्याला खालचा सूर देऊन ऐकत राहणे अधिक उपयुक्त ठरते. एकाच जागेवरून काटकोनात दुसऱ्यांदा कॉइल फिरविल्यास लांबट खिळ्याचा संकेत बहुधा बदलतो, तर गोल नाण्याचा संकेत स्थिर राहतो. वरच्या थरातील लोखंड काढून टाकल्यावर त्याखाली झाकलेली नाणी ऐकू येऊ लागतात.

कशेळे परिसरातील जमीन

कशेळे हे कर्जत–मुरबाड मार्गावरील गाव असून कोथळीगडाकडे आणि खांडसमार्गे भीमाशंकरच्या घाटवाटांकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. कोकणातून सह्याद्री चढणारी वाहतूक या तालुक्यातून प्राचीन काळापासून होत आली. कोंडाणे येथील बौद्ध लेणी त्याची साक्ष देतात. अशा वाटांवर बैलांच्या खुरांचे नाल, गाड्यांच्या चाकांच्या धावा, नांगराचे फाळ, विळ्यांचे तुकडे पडत राहतात. त्यांत अलीकडच्या काळात बाटल्यांची बुचे, काटेरी तार आणि कौले जाऊन आलेल्या पत्र्यांचे खिळे यांची भर पडली.

येथील मातीच मुळात शांत नाही. ती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. यंत्र या खनिजालाही प्रतिसाद देते, म्हणून भूसंतुलन वारंवार करावे लागते. भातशेतीतील राब भाजण्याची पद्धतही येथे विचारात घेण्यासारखी आहे. भाजलेल्या मातीतील लोहसंयुगे अधिक चुंबकीय होतात, त्यामुळे राबाच्या तुकड्यात आणि शेजारच्या खाचरात यंत्राचे संतुलन वेगळे लागू शकते. चिखलणीमुळे खाचरातील वस्तू मूळ जागेवरून हलतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

नाण्यांचे धातू

सातवाहनांची पुष्कळ नाणी शिसे व पोटीन यांची आहेत. शिवाजी महाराजांच्या काळापासूनची तांब्याची शिवराई महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातही चलनात होती. तांब्याची जाड नाणी स्पष्ट संकेत देतात. ब्रिटिशकालीन ११.६६ ग्रॅम वजनाचा चांदीचा रुपयाही सहज ओळखता येतो. याउलट १९८८ पासूनची १०, २५ व ५० पैशांची आणि १९९२ पासूनची एक रुपयाची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. लोखंड वगळण्यासाठी लावलेले यंत्र ही नाणीही खिळ्यांबरोबर वगळू शकते. परदेशी मार्गदर्शक पुस्तकांतील धातूंचे आकडे भारतीय जमिनीत जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

पुरातत्त्व आणि कायदेशीर स्थिती

नाणेशोधक ज्याला कचरा म्हणतो ते लोखंड पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने पुरावा असते. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न या १८७६ च्या रणभूमीवर १९८४–८५ मध्ये धातुशोधकांनी मिळालेल्या प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर नोंदवून लढाईतील हालचालींचा माग काढण्यात आला. वस्तू उपटून नेल्या असत्या तर हे शक्य नव्हते. झाकोळ दूर करण्यासाठी लोखंड काढून फेकणे हा उपाय म्हणूनच जुन्या वस्तीच्या जागी घातक ठरतो.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वस्तूचे स्वरूप, जागा आणि तारीख त्यात नमूद करावी लागते. चौकशीअंती निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला तर सामान्यतः तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्यास व उर्वरित मालकास मिळतो. मूळ धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन शासन तो संपादित करू शकते. माहिती दडविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात परवान्याशिवाय खोदकाम करण्यास १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने मनाई आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याच्या कक्षेत येतात व खासगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाहीत.

२०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली येथील बांधकामाच्या खोदाईत मिळालेली २१६ सुवर्णनाणी ताब्यात घेतली. ती कोणत्याही यंत्राशिवाय सापडली होती. कळविण्याचे बंधन मात्र त्यांनाही लागू होते.