एक पत्ता, दोन धनी

वाड्यातली एक खोली रिकामी झाली आणि मालकानं ती दुसऱ्या बिऱ्हाडाला दिली, तर त्यात वावगं काही नाही. पण आधीच्या भाडेकरूकडं किल्ली राहून गेली असली, आणि खोली अजून आपलीच आहे असं समजून तो रोज कुलूप उघडू लागला तर? संगणकाच्या पोटात २००८ साली नेमका असाच घोटाळा झाला. त्याची हकिकत आज सांगायची आहे.

संगणकातल्या सर्व कारभाराचा मुखत्यार म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात. मेमरीतल्या प्रत्येक घराला क्रमांक असतो. कोणतं घर कोणाला द्यायचं हे कर्नेल ठरवतं. गंमत अशी, की नेटवर्क कार्डासारख्या उपकरणांनाही असेच क्रमांक दिलेले असतात. साध्या मेमरीत काही लिहिलं तर ते नुसतं साठून राहतं. उपकरणाच्या पत्त्यावर लिहिलं तर तो हुकूम ठरतो!

मग दोघांनी एकाच पत्त्यावर हक्क सांगितला तर? लिनक्सच्या कर्नेलमध्ये यासाठी एक नोंदवही असते, आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखी. उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, आधी तिथं आपली हद्द नोंदवतो. ती हद्द दुसऱ्याच्या नावावर असेल, तर ‘जागा गुंतलेली आहे’ असा नकार मिळतो आणि तंटा दारातच मिटतो. मात्र ही वही म्हणजे पहारेकरी नव्हे. जो विचारायलाच येत नाही, त्याला ती अडवू शकत नाही.

२००८ च्या सप्टेंबरात लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती चाचणीत होती. एकाएकी इंटेलची काही नेटवर्क कार्डं निकामी होऊ लागली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं तरी उपयोग होईना. कारण कार्डाच्या कायमच्या स्मृतीतला मजकूरच बिघडलेला होता. संशय साहजिकच कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. पण चोर निराळाच निघाला.

त्या आवृत्तीत एफट्रेस नावाची नवी सोय आली होती. कर्नेलमधलं कोणतं काम केव्हा चालतं, याचा माग ती ठेवी. त्यासाठी कामांच्या पत्त्यांची यादी तिच्याजवळ असे. आता, काही भाग सुरुवातीला एकदाच लागतात. काम झालं की कर्नेल ती जागा मोकळी करतं. जागा मोकळी झाली, पण यादीतला पत्ता खोडला गेला नाही. पुढं तोच पत्ता नेटवर्क कार्डाच्या वाट्याला आला.

एफट्रेस तशी बेफिकीर नव्हती. पत्त्यावर अपेक्षित मजकूर आहे का, हे ती आधी ताडून पाही. जुळला तरच बदल करी. मग नुकसान कसं झालं? तर प्रोसेसरची ती ‘ताडून बदला’ आज्ञा, मजकूर जुळला नाही तरी, होता तोच मजकूर परत लिहिते. साध्या मेमरीत यानं काहीच बिघडत नाही. कार्डाला मात्र तो हुकूम वाटला, आणि त्यानं तो पाळला!

इंटेलच्या लोकांनी कार्डाची ती स्मृती लिहिण्यापासून बंद केली. ऑक्टोबरात २.६.२७.१ या दुरुस्त आवृत्तीत एफट्रेसचा तो भागच थांबवण्यात आला, आणि पुढं त्याची बांधणी नव्यानं झाली.

यातून निघणारं तात्पर्य आपल्या घरच्या व्यवहारातलंच आहे. जागा घेताना नोंद करावी हे सगळेच जाणतात. जागा सोडताना जिथं जिथं आपलं नाव लिहिलं होतं तिथून ते खोडलं का, हे पाहणंही तितकंच अगत्याचं. त्या कार्डांच्या मालकांना ही गोष्ट फार महाग पडली.