जादा केबल : आधार की संकट? नेटवर्क स्विचच्या पोर्टची मांडणी समजून घेताना

मोलेहून अनमोड घाट चढून गेले की कर्नाटकातील जोयडा तालुका लागतो. रामनगर, कॅसलरॉक, कुंभारवाडा, अणशी ही त्यातील गावे दाट अरण्यात विखुरलेली आहेत. अशा ठिकाणच्या शाळेत, आरोग्य केंद्रात वा कचेरीत संगणकांचे जाळे ठप्प झाले, तर दांडेली किंवा कारवारहून तंत्रज्ञ येईपर्यंत दिवस मोडतो. म्हणून दोन स्विचमध्ये एक जादा केबल टाकून ठेवण्याकडे कल असतो. एक तुटली तर दुसरी कामी येईल, हा विचार रास्तच आहे. मात्र स्विचच्या पोर्टची मांडणी चुकली, तर आधारासाठी टाकलेली हीच केबल सारे जाळे बंद पाडू शकते. आपल्याकडील सत्तरी, सांगे वा काणकोणच्या दुर्गम भागांनाही हे तितकेच लागू आहे.

फेरा कसा निर्माण होतो?

अनमोड घाट बंद पडला की वाहने चोर्ला घाटाने जातात. दोन्ही घाट खुले असले तरी एक वाहन एकाच वाटेने जाते. स्विचमध्ये तसे घडत नाही. सर्वांसाठी असलेला संदेश तो प्रत्येक खुल्या वाटेने पाठवतो. दोन स्विच दोन केबलींनी जोडलेले असतील, तर तोच संदेश त्यांच्यात गोल फिरत राहतो. इथरनेटच्या संदेशाला कालमर्यादा नसल्याने तो आपोआप नष्टही होत नाही. अल्पावधीत अशा संदेशांचा पूर येतो आणि खऱ्या कामाला जागा उरत नाही. यालाच ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

यावरचा उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री. रेडिया पर्लमन यांनी तो 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना शोधला. यात स्विच परस्परांना बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवतात, एका स्विचला मूळ मानतात आणि जादा वाट अडवून ठेवतात. मुख्य वाट तुटली की अडवलेली वाट खुली होते.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर 2002 मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयाचे जाळे सुमारे चार दिवस कोलमडले होते. जोडणीवर जोडणी होत ते स्पॅनिंग ट्रीच्या आवाक्यापलीकडे वाढले होते. डॉक्टर व परिचारिकांना त्या काळात कागदी नोंदींवर काम चालवावे लागले.

मांडणी कशी करावी?

पहिले काम, मूळ स्विच आपण ठरवणे. बहुतेक स्विचचा प्राधान्यक्रम कारखान्यातूनच 32768 असतो. सर्वांचा आकडा सारखा असला की सर्वांत लहान हार्डवेअर पत्त्याचा स्विच मूळ ठरतो आणि तो कोपऱ्यातला जुना, मंद स्विचही असू शकतो. म्हणून मध्यवर्ती स्विचला 4096 आणि त्याच्या पर्यायी स्विचला 8192 हा आकडा द्यावा. आकडा जितका लहान, तितके प्राधान्य अधिक.

दुसरे काम, पोर्टची विभागणी. संगणक, प्रिंटर, कॅमेरा जोडलेले पोर्ट 'एज पोर्ट' म्हणून नोंदवावेत. सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये या सोयीला 'पोर्टफास्ट' म्हणतात. ही नोंद नसेल, तर पोर्ट खुला होण्यास सुमारे 30 सेकंद लागतात. तेवढ्यात संगणकाची आयपी पत्ता मिळवण्याची खटपट फसते आणि 'इंटरनेट नाही' अशी तक्रार येते. दोन स्विचना जोडणाऱ्या पोर्टवर मात्र ही सोय कधीही देऊ नये. तेथे पडताळणीविना वाट खुली करणे म्हणजे फेऱ्याला आमंत्रण देणे होय.

तिसरे काम, प्रत्येक एज पोर्टवर 'बीपीडीयू गार्ड' लावणे. कोणी भिंतीवरील दोन सॉकेट एकाच केबलने जोडले किंवा तेथे नवा स्विच लावला, तर बीपीडीयू दिसताच तो पोर्ट स्वतःहून बंद होतो. एक टेबल थांबते, कचेरी चालू राहते. असा पोर्ट पुन्हा सुरू करण्यापूर्वी कारण शोधून दूर करावे, अन्यथा तो पुन्हा बंद पडेल. काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढे पाठवत नाहीत. त्यासाठी 'लूप डिटेक्शन'ची सोय असल्यास तीही चालू ठेवावी.

मूळ स्विचकडून इतर स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर 'रूट गार्ड' लावता येतो. त्यामुळे पलीकडचा कोणताही स्विच मूळ होण्याचा दावा करू शकत नाही. मात्र पर्यायी मूळ स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर तो लावू नये. 2001 मध्ये आलेली रॅपिड स्पॅनिंग ट्री ही सुधारित पद्धत उपलब्ध असेल, तर तीच निवडावी. जुन्या पद्धतीत वाट बदलण्यास 30 ते 50 सेकंद लागतात, नव्या पद्धतीत ते बहुधा काही क्षणांत होते.

मांडणी जतन करण्यास विसरू नये, नाहीतर वीज जाऊन आल्यावर सारे पूर्ववत होते. मग कामाची वेळ संपल्यावर मुख्य केबल मुद्दाम काढून पाहावी. काम चालू राहिले आणि ती पुन्हा जोडल्यावरही काही अडले नाही, तरच जादा केबल खरा आधार ठरली असे म्हणता येईल. ही परीक्षा पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी.