देवनारचे विष आणि उद्याचा पाऊस

नेकनूरच्या माणसाचा मुंबईतल्या देवनारच्या कचऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध 1972 च्या दुष्काळाचा आहे. त्या वर्षी आणि पुढेही बीड-जालन्याकडची आपली माणसे गाव सोडून मुंबईला गेली. जमीन नव्हती, गावकीच्या कामावर पोट भरत नव्हते आणि पाणवठ्यावर जात आडवी येत होती. मुंबईत त्यातल्या कित्येक आयाबहिणींच्या वाट्याला काय आले? कचरा वेचणे. मुंबईच्या कचरावेचक बायांमध्ये मराठवाड्यातून गेलेल्या दलित बाया मोठ्या संख्येने आहेत, ही गोष्ट त्यांच्यात काम करणाऱ्या संघटनांनी वारंवार मांडली आहे.

देवनारला कचरा टाकणे सुरू झाले 1927 साली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तिकडे पाण्यासाठी लढा उभा राहत होता आणि इकडे शहराची घाण कोणाच्या दारात टाकायची हे ठरत होते. आज त्या डोंगराला लागून शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या आहेत. राहणारे दलित आणि मुसलमान.

आता महापालिकेने हा डोंगर हटवायचे ठरवले आहे. सुमारे 185 लाख टन जुना कचरा हलवण्यासाठी 2025 मध्ये निविदा निघाली. त्याआधी 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने इथली 124 एकर जागा धारावी पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे जिथे शंभर वर्षांचे विष मुरले, तिथे पुन्हा आपलीच माणसे आणून बसवायची. साफसफाईला विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न असा की साफसफाईचा हिशोब कोणता पाऊस धरून करणार?

हा प्रश्न हवेतला नाही. पावसाचे पाणी कचऱ्यातून झिरपते, त्यातले शिसे, कॅडमियम असे जड धातू आणि रसायने घेऊन काळे होऊन खाली उतरते आणि जमिनीत व खाडीत जाते. ते अडवायला अस्तर, गटारे, बांध लागतात. त्यांची मापे जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढली तर काय होईल, हे 26 जुलै 2005 ने दाखवले आहे. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरतीची वेळ आली की खाडीकाठची गटारे उलटी वाहतात. समुद्राची पातळी वाढते आहे. कचऱ्यात मिथेन वायू साठतो आणि आग लागते ती वेगळीच. जानेवारी 2016 मध्ये देवनार कित्येक दिवस धुमसत होते, शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

अमेरिकेत सरकारी लेखापरीक्षण संस्थेने 2019 मध्ये सांगितले की, खाजगी व इतर बिगरसंघीय अतिविषारी जागांपैकी सुमारे 60 टक्के जागा पूर, वादळ, वणवा किंवा समुद्रवाढीच्या टापूत आहेत. त्याआधी 2017 च्या हार्वे वादळात टेक्सासमध्ये डायॉक्सिनवर घातलेले दगडी झाकण पुराने उखडले होते. तिथेही असे विष बहुतेक वेळा काळ्या व गरीब वस्त्यांजवळच सापडते. जात आणि वंश यांना घाणीचा पत्ता बरोबर माहीत असतो.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? 1996 च्या बिछडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी हे तत्त्व लागू केले. तिथे कारखान्याचा गाळ उघड्यावर पडला होता, पावसाने विष विहिरींत उतरवले होते. मार्च 2024 मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, पक्ष्याच्या निमित्ताने का होईना, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम 14 व 21 मध्ये आहे असे न्यायालयाने मान्य केले. जुलै 2025 मध्ये केंद्राने प्रदूषित जागांचे नवे नियम काढले. त्यातून कचरा डेपोचा घनकचरा वगळला आहे. मात्र त्यात विषारी द्रव्ये मिसळून मर्यादा ओलांडली असेल तर नियम लागू होतात. देवनारसाठी ही फट महत्त्वाची आहे. ती आधी माती-पाणी तपासून सिद्ध करावी लागेल, आणि तपासणीचे अहवाल जनतेपुढे ठेवा ही मागणी त्यासाठीच हवी. शुद्धीकरणाचा आराखडा येत्या पन्नास वर्षांचा पाऊस आणि भरती धरून करा, ही दुसरी.

पर्यावरण म्हणजे वाघ आणि झाडे, तो पोटभरल्यांचा विषय, असे चळवळीत बरीच वर्षे मानले गेले. ज्यांना दुष्काळाने गावातून हुसकले त्यांना पुराने शहरातून हुसकावे, हा विषय कोणाचा?

आणि गावाकडच्यांनी हे मुंबईचे म्हणून सोडू नये. नव्या नियमांप्रमाणे संशयित प्रदूषित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे, लोकांच्या तक्रारीवरूनही. नेकनूरच्या आसपास कुठे रसायनाची पिंपे, कारखान्याचा गाळ टाकलेला असेल तर ग्रामपंचायतीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात जवळची विहीर किती अंतरावर आहे ते लिहा, आणि सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत त्या जागेवर पाणी कुठपर्यंत चढले होते तेही लिहा.