पडद्याचा रंग आणि सौद्याचा आकडा

दुकानात बसून दूरच्या सर्व्हरवरील साठा पाहण्यासाठी पुट्टी हे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ जण वापरतात. त्यात काळ्या पडद्यावरची गडद निळी अक्षरे नीट दिसत नाहीत. आम्ही ३६ तागे ८६ वाचले, सौदा केला आणि शब्द पाळण्यासाठी चढ्या भावाने माल घेतला.

उपाय सोपा आहे. आपले जतन केलेले सेशन निवडून ‘लोड’ करा. ‘विंडो’खालील ‘कलर्स’मध्ये ‘एएनएसआय ब्लू’ निवडून ‘मॉडिफाय’ दाबा. मूळ रंग लाल ०, हिरवा ०, निळा १८७ असतो. तो १२०, १७०, २५५ करा. ‘सेशन’मध्ये परतून ‘सेव्ह’ करा; नाहीतर बदल टिकत नाही.

सौदा ही अमानत आहे. आकडा स्वच्छ दिसेल, याची तजवीज आपणच करायची.