सिगडी विझली, पण राख विझली का?

रमजानच्या संध्याकाळी बाजारात कबाबच्या सिगड्या रस्त्यावर येतात. शेजारीच आम्हा कापडवाल्यांचे तागे टांगलेले असतात. धंदा दोघांचाही चालावा. पण एक ठिणगी दोघांचेही भांडवल राख करू शकते.

सिगडी दुकान, मंडप व ताडपत्रीपासून किमान १० फूट दूर, सपाट जागी मांडावी. पेटत्या कोळशावर रॉकेल ओतू नये. ज्वाळा उलटून हातावर येते. चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी मारू नये, वाळू टाकावी. वाळूची बादली हाताशीच हवी. अंगाबरोबर बसणारे सुती कपडे घालावेत. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते, हे आम्ही कापडवाले जाणतो.

खरा धोका दुकान बंद करताना असतो. वरून पांढरी दिसणारी राख आत २४ तासही धगधगत राहू शकते. ती कचऱ्यात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकू नये. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, पाण्याने पुरती भिजवून बाहेरच ठेवावी. गरम सिगडी आत घेऊ नये. बंद दुकानात कोळशाचा विषारी वायू झोपलेल्या कारागिराचा जीव घेतो. आग लागल्यास १०१ क्रमांक फिरवावा.

कुलूप लावण्यापूर्वी गल्ला मोजतो, तशी राखही तपासावी.